मावशींचे बेडूक

खोली बघायला गेले तेव्हा मावशींनी मला नोकरी, गाव, आडनाव यातलं काहीच विचारलं नाही. दारात उभ्या राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बेडकाला भेतीस का?"

मी किनवटची. आमच्याकडे पावसाळ्यात घरात बेडूक येणं म्हणजे शेजारचं मांजर येण्यासारखंच. म्हटलं, "भेत नाही. पण हात लावणार नाही."

"हात लावायला मी हाय की," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुझ्या आधीची पोरगी बॅग न घेताच पळाली. अजून हितंच हाय तिची बॅग."

लातूरच्या एका खासगी दवाखान्यात, लॅबमध्ये, मला नुकतीच नोकरी लागली होती आणि दवाखान्यापासून चालत जाता येईल अशी तेवढी एकच खोली होती. वर मी, खाली मावशी आणि काका. काका जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले, अतिशय मऊ बोलणारे. मागे अंगण. अंगणात एक जुना सिमेंटचा हौद, दोन-तीन प्लास्टिकचे टब, भिंतीवर एक पिवळा दिवा आणि जमिनीत आडवे पुरलेले फुटके माठ. त्या माठांत मावशींचे बेडूक राहत. तळ्यातले हिरवे, लांब उड्या मारणारे नव्हेत. पुस्तकात ज्याला भेक म्हणतात ते: मातकट, बसके, अंगभर फोड आलेले, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी आपला अपमान केल्यासारखा भाव. दिवेलागणीला ते माठातून बाहेर यायचे आणि दिव्याखाली पडणारे किडे टिपत बसायचे. मावशी त्यांच्यासमोर पाट टाकून बसायच्या. काका मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्याअलीकडेच थांबायचे. त्यांना बेडकांची भयंकर किळस होती आणि बायकोची त्याहून जास्त भीती.

"कसं होत न्हाई, बघतेच" हे मावशींचं आवडतं वाक्य. तहसीलमध्ये त्यांच्या नावाची वेलांटी चुकली होती. लोक अशी चूक घेऊन आयुष्य काढतात. मावशी मात्र त्या कचेरीत जाऊन बाकावर बसायच्या, डबा खायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. शेवटी साहेबांनीच कंटाळून कारकुनाला ओरडून वेलांटी दुरुस्त करून घेतली. एकदा शिंप्यानं पोलक्याची बाही आखूड शिवली, तर त्याच्या दुकानासमोरून जाताना प्रत्येक वेळी त्या थांबून नुसता हात वर करून बाही दाखवायच्या. बोलायच्या काही नाहीत. तो तिसऱ्या महिन्यात नवं पोलकं शिवून स्वतः घरी घेऊन आला.

पण बेडूक का? हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मी एकदा विचारलं, "मावशी, हे काय करून राहिल्या तुम्ही?" तर त्यांना आधी माझ्या 'करून राहिल्या'चंच हसू आलं. "आमच्यात 'काय करलालाव' म्हणतेत," म्हणाल्या, आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. पुढे काकांनीच सांगितलं.

मावशींचा धाकटा भाऊ औश्याजवळच्या गावी शेती करायचा. विहीर, भरपूर पाणी, भाजीपाला. वांगी, टोमॅटो, कोबी. त्या भागात त्याचा माल नावाजलेला. एका श्रावणात वाऱ्याच्या तोंडाला उभा राहून तो वांग्यांवर फवारणी करत होता, आणि करता करता बांधावरच कोसळला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. लातूरच्या दवाखान्यात आठवडाभर पडून होता. मावशी त्याच्या उशापासून हलल्या नाहीत. तो उठला, घरी गेला, आणि महिन्याभरात पुन्हा पंप पाठीवर. डोळ्यांना मात्र तेव्हापासून सारखं पाणी येत राहिलं.

मावशी तडक गावी गेल्या. "इख मारणं बंद कर," म्हणाल्या. इख म्हणजे विष; शेतकरी त्याच द्रवाला औषध म्हणतात. मावशींनी तो शब्द त्यासाठी कधीही वापरला नाही.

भाऊ वैतागला होता. म्हणाला, "मग वांग्यावरच्या अळ्या कोण खाणार, अक्का? तू खातीस का येचून येचून?"

"मी न्हाई," मावशी म्हणाल्या. "पर खाणारे आणते."

सगळे हसले. काकाही हसले, आणि त्याचा पश्चात्ताप त्यांना पुढे बराच काळ करावा लागला. त्याच आठवड्यात मावशींनी गटारीच्या कडेला सापडलेले दोन बेडूक पदराच्या टोकात धरून घरी आणले. तोपर्यंत त्यांनी आयुष्यात कुत्रंसुद्धा पाळलं नव्हतं.

पाळायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सुरुवातीला त्यांनी बेडकांपुढे भाकरीचा कुस्करा ठेवला. मग दूधभात. मग भिजवलेली डाळ. बेडूक त्या ताटलीकडे ढुंकूनही बघेनात. तिसऱ्या दिवशी मावशींनी त्यातला एक बेडूक टोपलीत घातला आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यात रांगेत जाऊन बसल्या. पुढे एक शेळी, मागे एक म्हैस. काका रिक्षातच थांबले.

डॉक्टर टोपलीत डोकावून म्हणाले, "आजी, हे आमच्याकडं येत नाही."

"का? चार पाय हायत का न्हाईत, बघा."

डॉक्टरांनी खरंच पाय बघितले असावेत, कारण मग ते हसले आणि म्हणाले, "अहो, हलतंय तेच खातो हा. मेलेलं, शिजवलेलं त्याला दिसतच नाही. तुम्ही दूधभात काय वाढता त्याला!"

त्या संध्याकाळी अंगणातल्या भिंतीवर पिवळा दिवा लागला. आणि काकांना नवं काम मिळालं. ते हातात डबी घेऊन ओळखीच्या घरी जायचे, चहा घ्यायचे, आणि निघताना खालच्या आवाजात विचारायचे, "तुमच्याकडं कुठं वाळवी लागलीय का हो?" लोकांना वाटायचं, रिटायर झाल्यावर काकांनी वाळवी मारण्याचा धंदा काढलाय.

मी राहायला गेले तेव्हा हे सगळं होऊन वर्ष उलटलं होतं. बेडूक खात होते, गुबगुबीत झाले होते, पण पिल्लांचा पत्ता नव्हता. मावशी रोज हौदात वाकून बघायच्या. एक दिवस मी फोनवर शोधलं, तर त्यात लिहिलं होतं की नर आकाराने लहान, विणीच्या दिवसांत त्याचा गळा काळसर होतो, आणि ओरडतो तो नरच. मी खाली जाऊन विचारलं, "मावशी, हे कधी ओरडलेत का?"

"न्हाई बाई. लई गरीब हायत."

"मावशी, गरीब नाहीत. दोघीही बाया आहेत."

त्यांनी वाकून एकेका माठात बघितलं. उंबऱ्याअलीकडून काकांना हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात ढकललं. मावशी उठल्या, पदर खोचला, आणि म्हणाल्या, "मग नवरदेव आणले पाहिजेत."

काकांची बहीण नांदेडला, गोदावरीच्या काठाजवळ राहायची. मावशी इतर वेळी नणंदेकडे जायला टाळाटाळ करायच्या. या वेळी आपण होऊन गेल्या, चार दिवस राहिल्या, आणि रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन नदीकडच्या गल्ल्यांतून फिरल्या. परत आल्या तेव्हा काकांच्या ऑफिसच्या जुन्या जेवणाच्या डब्यात, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून, तीन लहानखुरे, काळ्या गळ्याचे बेडूक आणले होते. काका डब्याकडे बघून एवढंच म्हणाले, "तो डबा तीस वर्षं माझ्यासंगं होता."

"आता ह्यांच्यासंगं राहील," मावशी म्हणाल्या.

उन्हाळा लागला होता. पाऊस पडला की बेडूक अंडी घालतात, हे आता मावशींनाही ठाऊक झालं होतं. पण पावसाची वाट बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "त्यो येईल तवा येईल. तोवर मी पाडते," म्हणाल्या आणि भावाच्या गोठ्यात पडलेला एक जुना फवारणीचा पंप उचलून आणला. धुण्याचा सोडा, साबणाची पावडर, उकळतं पाणी घालून तो पुन्हा पुन्हा धुतला. उन्हात उलटा टांगला. आणि एका संध्याकाळी पंप पाठीवर घेऊन त्या अंगणात उतरल्या. साठीची बाई, कासोटा घातलेला, डाव्या हातानं दांडा वर-खाली करतेय, उजव्या हातातल्या नळीतून बारीक पाणी उडतंय. शेजारपाजारचे लोक गच्चीवर आले. लातुरात माणसांना नळाचं पाणी आठ-दहा दिवसांनी मिळतं आणि ही बाई बेडकांवर पाऊस पाडतेय! शेजारचे गुरुजी वरून ओरडले, "ताई, जरा आमच्या झाडांवर पण!"

मावशींनी वर बघितलंही नाही. बेडूक माठातून बाहेर यायला लागले. एक नर टबाच्या पाण्यात उतरला, त्याचा गळा फुग्यासारखा फुगला, आणि त्यानं पहिल्यांदा लांबलचक आवाज काढला. मावशींचा हात थांबला. त्यांनी मागं वळून काकांकडे बघितलं. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो. पहिल्यांदाच शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीसारखा.

सकाळी मी कामावर जायला खाली उतरले तर त्या टबाशी बसल्या होत्या. दोन नर आणि एक मादी पाण्यावर पोट वर करून तरंगत होते, पाय ताणलेले. जे दोघं माठातून बाहेर पडायचा आळस करत राहिले होते, एक नर आणि एक मादी, तेवढे वाचले होते. मावशींनी पंपाचं झाकण उघडून आत नाक घातलं आणि झटकन बाहेर काढलं.

"किती धुतला होता," म्हणाल्या. "किती धुतला होता ग मी."

मी त्यांच्याजवळ बसले. त्या म्हणाल्या, "हे त्याच्या पाठीवर असतंय. रोज. गळतंय, अंगावर निथळतंय. आन् त्यो तसाच भाकरी खातो."

त्या रडल्या नाहीत. मेलेले बेडूक त्यांनी काकांच्या त्या जुन्या डब्यात घातले, साडी बदलली आणि औश्याची बस धरली. सोबत काका होते म्हणून पुढचं मला कळलं. भाऊ ओट्यावर जेवत होता. मावशींनी त्याच्यापुढं डबा उघडून ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. तो घास हातात धरून म्हणाला, "अक्का, बेडूकच मेलेत की. माणूस मेलं असतं तर गोष्ट येगळी."

"त्येच सांगायला आले," मावशी म्हणाल्या, डबा बंद केला आणि पाणीसुद्धा न पिता परत निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बाजारातून झाडांना पाणी घालायची झारी घेऊन आल्या.

त्यानंतरही सगळं सुरळीत झालं असं नाही. उरलेल्या जोडीनं अंडी घातली. पाण्यात दोऱ्यात ओवल्यासारखी लांबच लांब माळ, थेट काळ्या मण्यांची पोत. मावशींनी मला भर सकाळी झोपेतून उठवून ती दाखवली. पण हौदात नळाचं पाणी होतं, ब्लीचिंग पावडरच्या वासाचं. दोन दिवसांत सगळे मणी साबुदाण्यासारखे पांढरे पडले. पुढच्या वेळी त्यांनी टँकरवाल्याकडून विहिरीचं पाणी मागून घेतलं आणि टब उघड्यावर ठेवून दिले. त्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही. काका अर्ध्या बादलीत अंघोळ करायला शिकले. मादीनं पुन्हा अंडी घातली. या वेळी मण्यांना शेपट्या फुटल्या, टबभर काळे बेडूकमासे वळवळायला लागले. मग मावशींनी मायेनं त्यांना इतका उकडलेला पालक घातला की पाणी नासलं आणि अर्धे मेले. मावशींनी कपाळाला हात लावला, टब उपसला, उरलेल्यांना स्वच्छ पाण्यात घातलं, आणि पालक चिमटीनं घालायला लागल्या.

मी एकदा म्हणाले, "मावशी, सोडून द्या आता. किती त्रास करून घेता?"

त्या हसून म्हणाल्या, "अगं, मला आत्ता कुठं जमाया लागलंय."

आणि खरंच जमलं. मागचे पाय आले, पुढचे आले, शेपट्या आखडत गेल्या, आणि एका सकाळी अंगणभर हरभऱ्याच्या दाण्याएवढे बेडूक. पायरीवर, कुंडीत, काकांच्या चपलेत. कुंपणाच्या फटीतून ते गुरुजींच्या घरात पोचले. गुरुजी संतापून आले. "ताई, माझ्या देवघरात रांगेनं बसलेत तुमचे बेडूक!"

"मग परसाद दिलात का?" मावशींनी विचारलं. गुरुजींच्या बायकोला त्यांच्या मागे उभ्या उभ्या इतकं हसू आलं की तक्रार तिथंच संपली.

पिल्लं थोडी मोठी झाल्यावर एका रविवारी आम्ही निघालो. दोन बादल्या, तळाशी ओला पालापाचोळा, वर ओलं गोणपाट बांधलेलं. काका आले नाहीत; बसमध्ये एखादी बादली सांडली तर आपल्याला तिथंच काहीतरी होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. कंडक्टरनं विचारलं, "आजी, बादलीत काय हाय?"

"भावाच्या शेतात कामाला माणसं नेलालाव," मावशी म्हणाल्या. गोणपाटाखालून एकानं उडी मारल्याचा आवाज आला. कंडक्टर पुढच्या सीटकडे सरकला.

शेतात पोचलो तर भाऊ विहिरीवर फवारणीचा पंप भरत होता. उंच, वाळका माणूस, तोंडाला रुमालसुद्धा बांधलेला नाही, डोळ्यांतून पाणी वाहतंय. आम्हाला बघून त्याला आनंद झाला. पण बादल्या बघितल्या आणि तो पुन्हा पंपाकडे वळला. मावशी थेट वांग्यांच्या ओळीत शिरल्या. विहिरीकडच्या बाजूला, जिथं पाटाचं पाणी पाझरून जमीन ओली राहते, तिथं त्यांनी बादल्या आडव्या केल्या. बेडूक बाहेर पडले, पानांखाली गेले, दिसेनासे झाले. मग मावशी तिथंच, दोन ओळींच्या मध्ये, खाली बसल्या.

"मार आता इख," म्हणाल्या.

"अक्का, ऊठ. अळी पडलीय. आज नाही मारलं तर माल जाईल."

"मार की. मी कुठं नको म्हणलाले? मी हितं बसलेय, तू मार."

"एवढ्याशा बेडकांनी वांगी राखली जातेत व्हय?"

"न्हाई राखली जाणार. निम्मी किडतील. किडलेली सगळी माझ्या घरी पाठव, मी खाते. पर ह्या आठ ओळीत पंप आणायचा न्हाई."

भावाची बायको चहा घेऊन आली. मावशींनी घेतला नाही. ऊन चढलं. भाऊ पंप पाठीवर घेऊन बांधावर उभा, मावशी खाली मातीत, मी मध्येच एका बाभळीखाली. मला वाटलं, आता हा चिडून निघून जाईल. तो इतका वेळ उभा राहिला की पंपाच्या पट्ट्याखाली त्याचा सदरा घामानं काळा झाला. मग त्याच्या बायकोनं कपबशी बांधावर ठेवली, त्याच्या मागं गेली, आणि त्याच्या खांद्यावरचा पट्टा उतरवायला लागली. त्यानं उतरवू दिला.

"आठच ओळी," तो म्हणाला.

"आठच," मावशी म्हणाल्या, आणि हात पुढं केला. त्यानं ओढून त्यांना उभं केलं. त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. त्या त्याच्या खांद्याला धरून विहिरीपर्यंत आल्या आणि थंड झालेला चहा प्यायल्या.

बेडकांनी चमत्कार केला नाही. वांगी किडलीच, निम्मी नाही तरी पुष्कळ. आणि भावानं शब्द पाळला: दर आठवड्याला औश्याहून बसनं एक पोतं यायचं. मावशींनीही पाळला. भरली वांगी, वांग्याचं भरीत, वांग्याची भाजी, वांगीभात. मावशी विळीवर बसून किडका भाग काढून टाकायच्या, निघालेली अळी अंगणात माठापुढं सोडायच्या आणि उरलेलं फोडणीत घालायच्या. मी आणि काकांनी तो हंगाम वांगी खाऊन काढला. एकदा काका ताटाकडे बघून हळूच म्हणाले, "दुसरी काही भाजी पाठवत न्हाई का त्यो?" मावशींनी त्यांना आणखी वाढलं.

दुसऱ्या वर्षी त्या आठ ओळींत आणखी काही ओळींची भर पडली. किती, ते मला नक्की माहीत नाही. बाकीच्या शेतात तो फवारत राहिला, पण तोंडाला कापड बांधून आणि वारा बघून. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, असं तो म्हणायचा.

मग मला नांदेडला चांगली नोकरी मिळाली आणि मी खोली सोडली. मागच्या पावसाळ्यात कामानिमित्त लातूरला गेले होते, म्हणून दुपारी मावशींकडे डोकावले. त्या थकल्या होत्या, पण हौदाशीच होत्या. अंगणातल्या खुर्चीवर त्यांचा भाऊ बसला होता, पायाशी रिकामी बादली.

"कवाधरनं बसलोय," तो माझ्याकडे तक्रार घेऊन वळला. "चार दिवसांनी पेरणीची गडबड सुरू होईल. म्हणलं, आजच घेऊन जातो बेडूक. तर देईना."

मावशी टबावर वाकल्या होत्या. एका पिल्लाला त्यांनी ओल्या तळव्यावर घेतलं, उजेडाकडे धरलं आणि पुन्हा पाण्यात सोडलं.

"अजून शेपटी गळली न्हाई," म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात ये."

"अक्का, एवढ्या लांबून—"

"पुढच्या आठवड्यात."

तो कुरकुरत उठला, बादली उचलली, आणि दारापर्यंत जाऊन वळून म्हणाला, "सोमवारी आलो तर चालंल का?"